आमच्या वस्तीतली सांची

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले आणि गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. तेव्हापासून या जिल्ह्याची ओळख करून देणारी जी जी पुस्तिका, माहितीपत्रक किंवा शाळेतला धडा हाती आला, त्यात ठराविक नावे असतात. नागऱ्याचे शिवमंदिर, प्रतापगडचा किल्ला, नवेगाव बांधचा तलाव, हाजरा फॉल आणि आदिवासी बांधवांचे श्रद्धास्थान असलेली कचारगडची गुहा. अलीकडे त्यात गोंदिया शहराच्या जुन्या बाजारपेठेची भर पडू लागली आहे. रेल्वे आल्यावर धान, बिडी आणि तेंदूपत्त्याच्या व्यापारावर उभ्या राहिलेल्या पेढ्या, त्यांचे नक्षीचे खांब, कमानी आणि सज्जे यांचे फोटो लोक काढतात. 'हे जपले पाहिजे' असे म्हणतात. जपलेच पाहिजे, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. या जिल्ह्यात आठ तालुके आहेत आणि गावागावात बौद्ध वस्ती आहे. वस्तीत विहार आहे, विहारासमोर सांचीच्या तोरणासारखी कमान आहे, कमानीवर धम्मचक्र आहे. रस्त्याने जाणारा परका माणूससुद्धा ती कमान पाहून सांगू शकतो, की ही वस्ती कोणाची. एवढी ठळक, एवढी एकसारखी, एवढ्या मोठ्या प्रदेशावर पसरलेली बांधणी दुसऱ्या कोणत्या समाजाने गेल्या सत्तर वर्षांत उभी केली आहे? तरीही यातला एकही विहार वारसा म्हणून कोणत्या यादीत चढलेला माझ्या तरी वाचनात आलेला नाही. आणि वाचकहो, दुसऱ्याला दोष देण्याआधी हेही कबूल केले पाहिजे, की ही यादी करावी असे आपल्यालाही कधी वाटले नाही.

वास्तुशास्त्राची पुस्तके 'पुनरुज्जीवन शैली' नावाची एक गोष्ट सांगतात. म्हणजे काय, तर जुन्या काळातल्या बांधणीचे रूप घेऊन नव्या काळात, नव्या सामानाने, नव्या कामासाठी इमारत बांधायची. मुंबईचे उदाहरण सगळ्यांना ठाऊक आहे. १८६० च्या दशकात किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेवर इंग्रजांनी युरोपातल्या मध्ययुगीन चर्चच्या धर्तीवर कचेऱ्या बांधल्या. उच्च न्यायालय, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, बोरीबंदरचे स्टेशन. यातल्या एकाही इमारतीत मध्ययुग नव्हते. आत वकील होते, कारकून होते, तिकिटाच्या खिडक्या होत्या. पण इंग्रजाला आपला जुना काळ मुंबईच्या समुद्रकाठी उभा करावासा वाटला आणि त्याच्याकडे सत्ता होती, पैसा होता, म्हणून त्याने तो केला. २००४ साली बोरीबंदरचे स्टेशन आणि २०१८ साली मैदानाभोवतीच्या इमारती जागतिक वारसा यादीत गेल्या. त्यांना कोणी नक्कल म्हणत नाही. त्यांना 'गॉथिक पुनरुज्जीवन' म्हणतात.

आमच्या छोट्या शहरांतल्या सावकारांनी आणि मालगुजारांनी मग त्याचीच छोटी आवृत्ती काढली. साहेबाच्या बंगल्याचे खांब, राजवाड्याच्या कमानी, वर देवादिकांच्या मूर्ती आणि दर्शनी भागावर सिमेंटात कोरलेले साल. त्यालाही आज शैली म्हणतात.

आणि आमच्या मिस्त्रीने सांचीची कमान बांधली, की ती नक्कल! ज्याच्या हाती सत्ता, त्याचे अनुकरण शैली ठरते आणि ज्याच्या हाती थापी, त्याचे अनुकरण नक्कल ठरते, असा हा न्याय आहे.

खरे तर पुनरुज्जीवन हा शब्द आमच्याच बांधणीला जास्त शोभतो. १९५४ हे साल आठवा. त्या वर्षी बाबासाहेबांनी लोकसभेची पोटनिवडणूक भंडाऱ्यातून लढवली. आजचा गोंदिया जिल्हा तेव्हा भंडाऱ्यातच होता. बाबासाहेब ती निवडणूक हरले. त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला त्यांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. तिथे ना घुमट होता, ना संगमरवर. त्यानंतर दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि लाखो लोक घरी परतले ते विहार नसलेल्या गावात. देव घरातून काढले, पण बसायचे कुठे? वंदना कुठे घ्यायची? कोणत्या आकाराच्या घराला विहार म्हणायचे? गावात विचारायला कोणी नव्हते. ज्यांच्या पूर्वजांनी विहार पाहिले असतील, त्यांच्या आणि आमच्या मध्ये शेकडो वर्षांची भिंत होती.

हे उत्तर समाजाने हळूहळू शोधले. अनागारिक धम्मपालांनी सारनाथला १९३१ साली मूलगंधकुटी विहार उभा केला होता, पण सारनाथ पाहिलेले आमच्यात किती होते? आमच्या लोकांच्या डोळ्यांत बसली ती सांची. दादरला चैत्यभूमीचे स्मारक भय्यासाहेब आंबेडकरांच्या प्रयत्नांतून उभे राहिले, ५ डिसेंबर १९७१ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि तिथे सांचीच्या धर्तीचे तोरण आले. ६ डिसेंबरला मुंबईला जाऊन आलेल्या प्रत्येक माणसाने ते तोरण डोळ्यांत साठवून गावी आणले. मग नागपूरच्या दीक्षाभूमीवर वास्तुविशारद शिवदान मल यांच्या आराखड्याप्रमाणे १९७८ साली स्तूपाचे काम सुरू झाले. ते तेवीस वर्षे चालले. १८ डिसेंबर २००१ रोजी राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी त्याचे लोकार्पण केले.

दीक्षाभूमीच्या स्तूपाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. सांचीचा स्तूप भरीव आहे. आत दगड-विटांची भर आहे, माणसाने बाहेरून प्रदक्षिणा घालायची. दीक्षाभूमीचा स्तूप पोकळ आहे. चारही दिशांना दारे आहेत आणि माणूस सरळ आत जातो. आत बुद्धमूर्ती आहे, बाबासाहेबांच्या अस्थी आहेत. बांधकामाच्या अंगाने हा मोठा फरक आहे, पण मला तो आणखी एका अंगाने मोठा वाटतो. ज्या लोकांना पिढ्यान्पिढ्या देवळाच्या बाहेर उभे केले गेले, काळाराम मंदिराच्या दारात ज्यांनी मार खाल्ला, त्यांनी आपली वास्तू बांधताना बाहेरून फिरायचा स्तूप बांधला नाही, आत जायचा बांधला. याला नक्कल म्हणणाऱ्याने नक्कल या शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा पाहावा.

आता आमच्या गावाकडे येतो. गावाचे नाव सांगत नाही, कारण जे आमच्या गावात झाले ते या पट्ट्यातल्या पुष्कळ गावांत झाले आहे.

आमच्या वस्तीतला पहिला विहार मातीच्या भिंतींचा होता. वर कवेलू, आत शेणाने सारवलेली जमीन, भिंतीला बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. दहा-बारा माणसे बसली की तो भरायचा, बाकीचे बाहेर बोडीच्या पाळीपर्यंत पसरायचे. पुढे भिंती विटांच्या झाल्या आणि समोर कमान करायचे ठरले. कमान करणारा मिस्त्री वस्तीतलाच. सांची त्याने पाहिली नव्हती. त्याच्यासमोर एका कॅलेंडरवरचे चित्र होते आणि त्या चित्रात तोरणाचा एक कोपरा कापला गेला होता. तो कोपरा त्याने मनाने केला. लाकडी साचे स्वतः तासले, आत लोखंडी सळया, वर सिमेंट. तोरणाच्या टोकावरचे सिंह करताना त्याची पंचाईत झाली. सिंह त्याने कधी पाहिलाच नव्हता. नवेगावच्या जंगलाच्या कडेला वाढलेला माणूस, त्याने पाहिला होता तो वाघ. म्हणून आमच्या विहाराचे सिंह आयाळ असलेले वाघ होते. लहानपणी आम्ही त्यांना वाघच म्हणायचो.

पैसा कुठून आला? वस्तीतल्या बहुतेक घरांत बिडी वळली जायची. बिडीची मजुरी हजाराच्या हिशेबाने. पाने भिजवायची, कापायची, वळायची, मुडपायची, मग कंत्राटदाराकडे न्यायची. त्याने त्यातल्या काही खराब म्हणून बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांचे पैसे द्यायचे. त्या मजुरीतून घरटी ठराविक रक्कम दर आठवड्याला विहाराच्या डब्यात पडायची आणि हे दोन वर्षे चालले. काम पूर्ण झाल्यावर आतल्या भिंतीवर निळ्या तेलरंगात दात्यांची नावे लिहिली. मोठ्या देणगीदाराचे नाव मोठे, असा प्रकार नव्हता. सगळी नावे एका मापाची, ओळीने. त्यात बायांची नावे नवऱ्याच्या आधाराने नव्हती, स्वतंत्र होती, कारण मजुरी त्यांच्या बोटांची होती.

२००० नंतर कधीतरी निधी मंजूर झाला. नवा विहार होणार, स्लॅबचा होणार, वर घुमट होणार. वस्तीत आनंद झाला आणि तो योग्यच होता. दोन दिवसांत जुनी भिंत पडली. कमान पडायला तयार नव्हती. मिस्त्रीने सळया सढळ हाताने टाकल्या होत्या. ती घणाने फोडावी लागली. वाघासारखे दोन सिंह काही दिवस बोडीच्या काठी पडून होते, मग भरावात गेले. नव्या विहारात संगमरवरी पाटी लागली. तिच्यावर निधी देणाऱ्याचे, उद्घाटकाचे, प्रमुख पाहुण्यांचे आणि कंत्राटदाराचे नाव आहे.

त्या वस्तीतल्या एका आजीशी मागे बोलणे झाले. मी विचारले, "आजी, नवा विहार चांगला झाला ना?"

"चांगला झाला ना रे बाबू. पावसात गळत नाही, पंखे आहेत. पण माझं नाव होतं तिथं. दुसऱ्या ओळीत, खिडकीच्या बाजूनं तिसरं."

आजीला वाचता येत नाही. नाव कुठे आहे, हे तिने कोणाकडून तरी विचारून घेतले होते आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे ती वंदनेला त्या जागेसमोर बसायची.

हा प्रसंग मी रडगाणे म्हणून सांगत नाही. त्याचे मोल कळायला गोंदियाहून पवनीपर्यंत जावे लागते. पवनी आज भंडारा जिल्ह्यात आहे, पण १९९९ पर्यंत आपण एकाच जिल्ह्यातले. वैनगंगेच्या काठचे हे छोटे शहर. मातीचा जुना तट आणि खंदक असलेले, देवळांची इतकी गर्दी, की लोक त्याला विदर्भाची काशी म्हणतात. तिथे जगन्नाथ मंदिराची टेकडी आहे. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली तिथे उत्खनन केले. टेकडीच्या पोटातून निघाला स्तूप! विटांचा, दोन हजार वर्षांहून जुना, सुमारे ३८ मीटर व्यासाचा. सांचीचा मोठा स्तूप साडेछत्तीस मीटरच्या आसपास आहे. म्हणजे ज्या सांचीचे चित्र कॅलेंडरवर पाहून आमचा मिस्त्री कमान करत होता, तिच्याहून रुंद स्तूप त्याच्याच जिल्ह्यात मातीखाली होता आणि त्याच्या डोक्यावर देऊळ उभे होते. त्याला हे कोणी सांगितले नव्हते.

पवनीच्या त्या स्तूपाभोवती दगडी कठडा होता. त्याच्या खांबांवर ब्राह्मी अक्षरांत नावे कोरलेली सापडली. कोणाची? राजांची नाहीत. दान देणाऱ्या साध्या माणसांची, स्त्रियांची, प्रव्रजितांची. कोणी एक खांब दिला, कोणी एक आडवा दगड. स्तूप कोणत्या राजाच्या काळात वाढला यावर विद्वान वाद घालतात, पण दान देणाऱ्या त्या बाईचे नाव मात्र वाद न घालता वाचता येते, कारण ते दगडात आहे. आजीचे नाव तेलरंगात होते. फरक एवढाच. बाकी रीत तीच, दोन हजार वर्षांच्या खंडानंतर पुन्हा उगवलेली आणि कोणीही न शिकवता उगवलेली. आमच्या विहारांच्या बांधणीत कमानीपेक्षाही अस्सल पुनरुज्जीवन जर कशात असेल, तर ते त्या दात्यांच्या भिंतीत होते आणि तीच आपण आधी पाडली.

पवनीपासून जवळच रुयाडला महासमाधी भूमीचा नवा महास्तूप आहे. जपानच्या बौद्धांच्या साहाय्याने उभा राहिला, दरवर्षी तिथे लोक जमतात. आणि आपल्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ, १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे. तिथल्या बुद्धमंदिरात गेलात तर रंगीत खांब, चित्रांनी भरलेल्या भिंती, झालरी दिसतील. त्यांनी जे गमावले ते आमच्या झाडीपट्टीच्या मातीत पुन्हा बांधले. त्यांच्याकडे बांधणी आठवणारे वृद्ध होते, लामा होते, ग्रंथ होते. आमच्याकडे कापलेल्या कोपऱ्याचे कॅलेंडर होते. म्हणून तिबेटी मंदिर पाहायला पर्यटक जातात आणि शेजारच्या गावातला विहार पाहायला कोणी जात नाही, हे मला कळते. पण कोणाचे काम अधिक कठीण होते, हा प्रश्न मात्र मी वाचकांवर सोडतो.

आता व्यवहाराचे बोलू. पुरातन वास्तूंचा १९५८ चा केंद्रीय कायदा किमान शंभर वर्षांचे वय मागतो. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बांधलेला अगदी पहिला विहारसुद्धा २०५६ शिवाय त्या कायद्याच्या नजरेत येणार नाही. तोपर्यंत तो तीनदा पाडून झालेला असेल. म्हणून तो दरवाजा ठोठावण्यात अर्थ नाही. पण १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन आणि नगररचना अधिनियम आहे. त्याच्या कलम २२ मध्ये, शहराच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या वास्तू जतन करण्याची तरतूद आहे. तिथे शंभर वर्षांची अट नाही. आराखडा जाहीर होतो, हरकती-सूचना मागवल्या जातात. बाजारपेठेतले लोक आपल्या पेढ्यांसाठी सूचना देतात. आपल्या वस्तीतून विहारासाठी किती सूचना जातात? आपण जातो ते रस्ता विहाराच्या भिंतीवरून गेला म्हणजे, मोर्चा घेऊन. मोर्चाही लागतो. १ जुलै २०२४ रोजी दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या खोदकामाविरुद्ध समाज हजारोंच्या संख्येने उतरला, स्तूपाला धोका होईल म्हणून, आणि सरकारला काम थांबवावे लागले. दीक्षाभूमीसाठी जो समाज एवढा जागा असतो, तो आपल्या गावातल्या चाळीस वर्षांच्या कमानीवर घण पडताना शांत उभा राहतो, हे मला अजून उलगडलेले नाही.

दुसरी गोष्ट कागदाची. बरेच विहार गावठाणाच्या कडेला, कुठे झुडपी जंगलाच्या जागेत, कुठे बोडीच्या काठी उभे आहेत. ग्रामपंचायतीच्या दप्तरी त्यांची नोंद 'समाज मंदिर' अशी असते किंवा नसतेच. आपल्या विहाराचा नमुना ८ चा उतारा एकदा काढून पाहा. त्यावर विहार हा शब्द आहे का, बांधकामाचे साल आहे का, क्षेत्रफळ बरोबर आहे का? ज्याची नोंद नाही त्याचा वारसा तर सोडाच, पाडल्यावर भरपाईही मिळत नाही.

आमचे काही तरुण मित्र यावर चिडतात. म्हणतात, सर, कमानी कसल्या जपता, पोरांना अभ्यासिका हवी, ग्रंथालय हवे; बाबासाहेबांनी शिका म्हटले, तोरणे बांधा म्हटले नाही. त्यांचे म्हणणे खोटे नाही. गळक्या कवेलूखाली बसून वंदना घ्या असे मीही म्हणत नाही. बायांना बसायला जागा हवी, पोरांना उजेड हवा, स्लॅब हवाच. पण नवे बांधायला जुने पाडावेच लागते, हे कोणी शिकवले? जुन्या खोलीत अभ्यासिका करा, शेजारी नवा विहार बांधा. जागाच नसेल तर कमान तेवढी ठेवा. तेही जमत नसेल तर पाडण्याआधी फोटो काढा, माप घ्या, मिस्त्रीचे नाव लिहा आणि भिंतीवरची नावे वहीत उतरवून घ्या. नव्या विहारात संगमरवरी पाटी लागणारच आहे, तिच्या खाली आणखी एक पाटी लावायला किती खर्च येतो?

आमच्या गावात आता ते काम सुरू केले आहे. भिंत राहिली नाही, म्हणून माणसांना विचारत फिरावे लागते. आजीला आपल्या आजूबाजूची नावे पाठ आहेत. तिच्या डाव्या हाताला कोण, वरच्या ओळीत कोण, हे ती डोळे मिटून सांगते. आतापर्यंत एकतीस नावे जुळली. मिस्त्रीचे नाव मात्र भिंतीवर नव्हतेच, त्याने ते लिहू दिले नव्हते. ते वहीत पहिल्या पानावर घेतले आहे. दुसऱ्या ओळीतल्या चौथ्या नावाबद्दल आजी आणि तिच्या शेजारणीत अजून एकमत नाही. येत्या पौर्णिमेला दोघींना समोरासमोर बसवायचे ठरले आहे.